गंगाळ वेदीवरून खाली आणा

मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पास्टरेट कमिट्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्या) आणि भगिनी मंडळे यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन आणि भगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आपल्यापैकी पुष्कळ मंडळ्यांत पाय धुण्याचा विधी होतो. पुढच्या बाकांवर बारा जण बसवलेले असतात. ते घरूनच साबणाने पाय घासून, धुतलेले मोजे घालून आलेले असतात. पाळकसाहेब कमरेला पांढरा टॉवेल बांधतात. एक जण जग धरतो, एक जण गंगाळ, आणि चार जण मोबाइल. प्रत्येकाच्या पायावर, बहुतेकदा एकाच, अर्धा पेला पाणी पडते, टॉवेल टेकतो आणि गंगाळ पुढे सरकते. दहा मिनिटांत सगळे आटोपते. मग ते गंगाळ नाताळच्या गव्हाणीशेजारी, स्टोअररूममध्ये, पुढच्या वर्षापर्यंत.

त्याच उपासनेत आजाऱ्यांची यादी वाचली जाते. त्या यादीतल्या कितीतरी माणसांच्या पायांना कित्येक महिन्यांत कोणाचा हात लागलेला नसतो. वाकता येत नाही म्हणून नखे वाढून बोटांत रुतलेली, टाचांच्या भेगांत काळे साचलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मोरीपर्यंत जाण्याची भीती वाटते म्हणून आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही वरच्यावर.

विधी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. गंगाळ तेवढे वेदीवरून खाली आणा, जिने चढा, आणि दर गुरुवारी कोणाच्या तरी खाटेपाशी नेऊन ठेवा. ते नीट कसे करायचे आणि कुठे चुकते हे या पत्रात लिहिले आहे. आम्ही रुग्णसेवेच्या कामातली माणसे आहोत. प्रवचन करणे आमचे काम नाही. तरी एक मुद्दा शास्त्रातलाच मांडावा लागेल, कारण तिथे गफलत झाली की पुढची सगळी सेवा भलत्याच माणसाच्या गळ्यात पडते.

योहानाच्या 13 व्या अध्यायात येशू उठून कमरेला रुमाल बांधतो ते चौथ्या वचनात. त्याआधीचे तिसरे वचन आपण घाईने वाचून टाकतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून तो उठला, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे त्या माडीवर ज्याच्या हाती सर्वात जास्त होते तोच खाली बसला. फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचा क्रमही हाच: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिकामे केले, दासाचे रूप घेतले. लीनता वरून खाली येते. आपल्याकडे मात्र तिचा उपदेश खालच्यांनाच होतो. सासूचे अंथरूण, डायपर, डबा आणि स्वतःची नोकरी सांभाळणाऱ्या सुनेला आपण घरभेटीला जाऊन सांगतो, "बाई, हा तुझा क्रूस आहे, आनंदाने वाहा." प्रार्थना करतो, चहा पितो (तोही तीच करते) आणि निघतो. त्याग करा असे जिला सांगायची गरजच नाही, तिलाच आपण ते पुन्हापुन्हा सांगतो. म्हणून आमची पहिली मागणी अशी: या सेवेची पहिली फेरी ज्यांच्याकडे चर्चच्या किल्ल्या, चेकबुक आणि सही आहे त्यांनी करावी. पाळक, सेक्रेटरी, खजिनदार. भगिनी मंडळाकडे ठराव पाठवून मोकळे होऊ नये.

आता पायच का, असे कोणी विचारेल. औषधे आहेत, किराणा आहे, फीची मदत आहे. ते सगळे चालूच ठेवा. पण मुंबईत घरोघरी मधुमेह आहे, आणि जुन्या मधुमेहात पायांची जाणीव हळूहळू जाते. आधी मुंग्या येतात, मग रात्री तळवे जळजळतात, आणि मग काहीच होत नाही. हे "काहीच होत नाही" माणसाला बरे झाल्यासारखे वाटते. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही, गीझरच्या पाण्याने भाजलेले कळत नाही. वेदना ही देणगी आहे हे आपल्याच बांधवाने दाखवून दिले. मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली जन्मलेले आणि तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात वाढलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करत होते. बोटे रोगाने आपोआप झडतात हा समज त्यांनी खोडून काढला. जाणीव गेल्यामुळे त्याच जागी पुन्हापुन्हा इजा होते आणि लक्षात न आल्याने ती चिघळत जाते, असे त्यांनी सिद्ध केले. तेच पुढे मधुमेहाच्या पायालाही लागू पडले. अशा पायाला दुसऱ्याचे डोळे लागतात. पाय धुणे हे पाय पाहण्याचे निमित्त आहे, आणि पाहणे हेच निम्मे काम आहे.

कामाची रीत अशी.

दोघांनी जायचे, एकट्याने कधीही नाही. दोघांपैकी एक जण रुग्णाच्या लिंगाचा असावा. आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: पाणी किती वाजता येते आणि लिफ्ट चालू आहे का. एका माणसाला चाळीस मिनिटे धरा. एका जोडीने एका गुरुवारी दोन घरे करावीत, तिसऱ्याचा मोह टाळावा. तिसऱ्या घरी हात घाईचे होतात. दोन जोड्या असल्या तर चार गुरुवारांत सोळा घरभेटी होतात. पाचवा गुरुवार आला तर तो विश्रांतीचा.

पिशवीत एवढेच हवे: पाय सपाट मावतील असा, सात-आठ लिटरचा रुंद टब, मग, सौम्य साबण, प्रत्येक माणसासाठी दोन स्वच्छ टॉवेल, टॉर्च, नखांची कानस, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली, हातमोजे, जाड प्लास्टिकची चादर, कचऱ्याची पिशवी, वही. परात आणू नका, काठ उथळ असतो आणि पाणी खाटेखाली जाते. सगळा खर्च एका कमिटी मीटिंगच्या वडा-चहात बसतो.

माणसाला मोरीत न्यायचे नाही. चाळीत काय आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीत काय, मोरीचा उंबरा आणि बुळबुळीत फरशी यांनीच म्हातारी माणसे पडतात. टब खाटेपाशी आणावा. 225 चौरस फुटांच्या खोलीत खाट, कपाट आणि शिलाई मशीनच्या मधे जेवढी जागा उरते तेवढी पुरते. खाली चादर घाला. वर्तमानपत्र घालू नका, भिजले की त्यावरूनच घसरायला होते. रुग्णाला पाठ टेकून खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला बसवा, आणि तुम्ही पाटावर किंवा जमिनीवर. स्टुलावर बसून वाकू नका. एक तर कंबर धरते, आणि दुसरे म्हणजे स्टुलावरून तळवा दिसत नाही.

पाण्याआधी नजर. टॉर्च लावून आधी तळवा, मग टाच, मग घोटे, आणि शेवटी बोटांच्या बेचक्या. एका पायाला चार, दोन्हींना आठ. बेचक्या मोजून बघायच्या, कारण करंगळीशेजारची हमखास राहते आणि चिखल्या तिथूनच सुरू होतात. नखांच्या कडा लाल आहेत का, नखुर्डे झाले आहे का, कुरुपाखाली काळसर डाग आहे का (तो आतल्या रक्ताचा असतो, खाली जखम दडलेली असू शकते), एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का. उघडी जखम, पू, दुर्गंध, काळे-निळे बोट, वर चढत जाणारी लाली किंवा ताप असेल तर टब भरायचाच नाही. त्या दिवसाची सेवा म्हणजे रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचवणे. जखम नाही पण पाय सुजलेला, लाल आणि गरम आहे, दुखत मात्र नाही, असे दिसले तरीही हेच. मधुमेहात आतली हाडे खचत असताना असे होते, आणि चालत राहिले तर पायाचा आकारच बिघडतो.

मग जाणीव तपासायची. याला कसलेही यंत्र लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही साधी पद्धत आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगा; स्पर्श जाणवला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. तुमच्या तर्जनीचे टोक बोटाच्या शेंड्याला पिसासारखे, एक-दोन सेकंद टेकवायचे. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट, डावे मधले बोट. दाबायचे नाही, टोचायचे नाही, कळले नाही म्हणून पुन्हा लावून बघायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पाय बधिर आहे असे समजून वहीत लिहा आणि घरच्यांना सांगा. यात हमखास चूक होते ती दयेपोटी. आजी गप्प राहिल्या की आपण जरा जोरात दाबतो, त्या "हां, उजवा" म्हणतात, सगळ्यांना हायसे वाटते आणि तपासणी वाया जाते.

पाणी चार ते पाच लिटर. टबात आधी थंड पाणी घालायचे, मग गरम. उलटे केले आणि मधेच कोणी हाक मारली तर नुसत्या गरम पाण्यात पाय जाऊ शकतो. पाणी 37 अंशांच्या खाली हवे. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवा: तान्ह्या बाळाला चालेल इतपत कोमट. रुग्णाला "बघा बरं, गरम आहे का" असे पायाने बघायला लावू नका. ज्या पायाला खडा कळत नाही त्याला पाणी काय कळणार? मीठ, जंतुनाशक, लिंबू, शाम्पू यांतले काहीही पाण्यात घालायचे नाही. कोरडी कातडी आणखी कोरडी पडते आणि भेगा खोल जातात. पाय भिजत ठेवायचे नाहीत, एका पायाला दोन-तीन मिनिटे पुरे. आणि घरातली वज्री कितीही प्रेमाने पुढे केली तरी नको म्हणा. भेगा घासल्याने जात नाहीत. तेल-जेली लावून, रोज थोडे थोडे करून, महिना-दोन महिन्यांत त्या मऊ पडतात.

पुसणे हे धुण्यापेक्षा महत्त्वाचे. टॉवेल दाबून टिपायचा, घासायचा नाही. टॉवेलचे टोक गुंडाळून आठही बेचक्यांतून एकेकदा फिरवायचे. चिखल्या असतील तर त्या पायाला वेगळा टॉवेल, आणि तो पाय शेवटी धुवायचा. (आता वेदीवरच्या विधीत बारा जणांना एकच टॉवेल वापरतात तो आठवा. एकाच्या चिखल्या अकरा जणांना वाटण्याचा याहून सोपा मार्ग नाही. निदान या वर्षी बारा टॉवेल घ्या, आणि कुठे पाय टबात बुडवत असतील तर त्याऐवजी जगातून पाणी ओता.) तेल किंवा जेली तळव्याला आणि टाचेला वाटाण्याएवढी, बेचक्यांत अजिबात नाही. उरलेले पुसून घ्या आणि चप्पल घातल्याशिवाय उठू देऊ नका, नाहीतर धुतलेल्या पायांनीच माणूस घसरेल.

नखे सरळ रेषेत, कोपरे न गोलावता. बधिर पाय, जाड पिवळी नखे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतले काहीही असेल तर नेलकटर बाहेरच काढू नका. कानस फिरवा आणि बाकी डॉक्टरांवर सोडा. कुरूप ब्लेडने काढणे किंवा त्यावर औषधी पट्टी चिकटवणे हा प्रकार बऱ्याच घरांत चालतो. त्या पट्टीत आम्ल असते. ते कुरुपाबरोबर भोवतीची चांगली कातडीही खाते, आणि बधिर पायाला पत्ता लागत नाही.

निघण्यापूर्वी चपला-बूट उलटे करून आपटा, आत हात घालून पाहा. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल नको, मागे पट्टा असलेली, आत मऊ रबर असलेली हवी. एमसीआर चप्पल म्हणून ती मिळते. नवी घेताना संध्याकाळी घ्यावी, कारण पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. मंडळीच्या मदतनिधीतून दरवर्षी साड्या आणि ब्लँकेटे दिली जातात. त्यांतली काही रक्कम या चपलांकडे वळवली तर कोणाचे तरी बोट वाचेल.

वहीत तीन ओळी: काय दिसले, काय केले, पुढे कोणी काय करायचे. तिसरी ओळ रिकामी ठेवू नका. "डॉक्टरला दाखवा" एवढे सांगून निघालात तर ते होत नाही. कामावर जाणारी मुलगी केईएम, सायन किंवा नायरच्या ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस उभी राहू शकत नाही. कोण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढणार, टॅक्सी कोण आणणार, व्हीलचेअर कोण ढकलणार, ही नावे तिथेच लिहायची. तरुण संघाला हे काम द्या. गाण्याच्या सरावाला येणारी मुले याला येत नाहीत असा आपला समज आहे. त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

सगळ्यात अवघड भाग टबात नाही, नकारात आहे. "पाळकसाहेबांनी माझ्या पायाला हात लावायचा? नको बाई, पाप लागेल." येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र या शिष्याचेही हेच म्हणणे होते. आपल्याकडे लहानाने मोठ्याच्या पायाला हात लावायचा, सासऱ्याने जावयाचे पाय धुवायचे; पाय म्हटले की कोण वर आणि कोण खाली याचा हिशेब लागतोच. त्यात आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घराण्यांच्या पूर्वजांचा स्पर्शच गावाने नाकारला होता. नगर-जालन्याकडच्या त्या वाड्या-वस्त्यांची आठवण तीन पिढ्यांनंतर मुंबईतही अंगात असते. म्हणून नकार आला तर वचन सांगून गप्प करू नका, हट्ट तर मुळीच करू नका. "आज नुसतं बघू का?" एवढेच विचारा. किंवा "नखं टोचतायत का?" दुसऱ्या वेळी तेल लावू द्यायला त्या तयार होतात, तिसऱ्या वेळी पाणी. कधीकधी कधीच होत नाहीत. तेव्हा बसा, बोला आणि या. नकार देण्याचा मान राखणे हाही सेवेतलाच भाग आहे.

दुसरा स्वयंसेवक या सगळ्या वेळात काय करतो? तो सांभाळणाऱ्या माणसाला घराबाहेर काढतो. हे आम्ही गंमतीने लिहीत नाही. घरात सतत माणसाजवळ राहणाऱ्या सुनेला, मुलीला किंवा नवऱ्याला त्या गुरुवारी दोन तास मोकळे मिळाले पाहिजेत, आणि त्या दोन तासांचा हिशेब कोणी विचारू नये. ती बाजारात जाईल, झोपेल, नाहीतर स्टेशनवर नुसती बसून राहील. "या वेळात प्रार्थनासभेला ये" असे सुचवायचे नाही. ती निघण्यापूर्वी तिने रुग्णाची कूस शेवटची कधी बदलली, पाणी कधी पाजले, गोळी कोणती राहिली, एवढे विचारून घ्या. चाळीस मिनिटे पाय, उरलेला वेळ तिच्या जागी बसणे.

त्या वेळात पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे बघायचे ते हे. दर दोन तासांनी कूस बदलणे. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलते ठेवणे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर सध्या ठीक आहे. पांढरी होतच नसेल तर अंथरुणाची जखम सुरू झाली असे समजायचे. त्या लालीवर मालीश करायची नाही, आतली कातडी आणखी फाटते. खाली हवेची गोल रिंग द्यायची नाही, रिंगच्या कडेने रक्त अडते. भरवायचे असेल तर बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. पडल्या पडल्या चमच्याने पाणी ओतले की ते फुप्फुसात जाते. प्रेमाने पाजलेल्या पाण्याने न्यूमोनिया होतो तो असा.

पावसाळ्यासाठी वेगळी सूचना. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या कोणाच्याही पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. मधुमेह असो-नसो, तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवायला सांगा. प्रतिबंधक गोळी तिथे देतात. स्वयंसेवकांनाही हाच नियम.

आणि पाळकसाहेब, उत्तम शुक्रवारचेही सांगून टाकतो. क्रूसाच्या वाटेवर किंवा नवसाने अनवाणी चालणारे भाविक आपल्याकडे आहेत, माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना-प्रार्थनेला आणि वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला जाणारेही आहेत. मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेल्या डांबरावर बधिर तळवा भाजतो आणि फोड घरी गेल्यावर दिसतो. मधुमेह असलेल्यांनी चपला काढू नयेत, हे व्यासपीठावरून आपण स्वतः सांगा. आम्ही सांगितले तर विश्वास कमी पडल्यासारखे वाटते.

कॅथलिक बांधवांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्याकडे पाय धुण्याचा विधी 1955 च्या सुधारणेने पवित्र गुरुवारच्या मिस्साबलिदानात आला. त्यासाठी पुरुषच निवडायचे असा नियम होता, तो 2016 मध्ये बदलला आणि स्त्रियांनाही जागा मिळाली. त्याआधीच, 2013 साली, पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. आणि इथे आपल्या वांद्र्यात शांती अवेदना सदन 1986 पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य सांभाळते. तिथे कोणाचा धर्म विचारत नाहीत. चाळीत शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान आजींनी "माझेही बघा ना" म्हटले तर बघायचे, त्याच पद्धतीने, त्याच चाळीस मिनिटांत. सोबत पत्रक द्यायचे नाही, शुभवर्तमानाची प्रत उशाशी ठेवून यायचे नाही. पाण्याबरोबर दुसरे काही आले की ते पाणी फुकटचे राहत नाही, आणि शेजाऱ्यांना ते लगेच कळते.

फोटो नाहीत. वार्षिक अहवालासाठी नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी नाही, देणगीदारांसाठीही नाही. अहवालात एकच आकडा छापा: किती घरी दुसऱ्यांदा गेलो. पहिल्यांदा जाणे उत्साहाने होते. दुसऱ्यांदा जाईपर्यंत उत्साह उतरलेला असतो, पाऊस असतो, लिफ्ट बंद असते आणि आजी तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतात. पहिल्याच महिन्यात पन्नास नावे घेऊन सुरू होणारी सेवा तिसऱ्या महिन्यात बंद पडते, आणि मग त्या पन्नास घरांत गुरुवारी दाराकडे बघत बसलेले कोणीतरी असते. त्यापेक्षा आठ नावे घ्या. प्रत्येक स्वयंसेवकाला महिन्यात दोनच गुरुवार द्या आणि सहा महिन्यांनी एक महिना सक्तीची रजा. रजा मागायला लाजणारे लोक मंडळीत फार आहेत; ते एक दिवस न सांगता यायचेच बंद होतात.

याला शास्त्रात आधार हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये, 6 वा अध्याय. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी धीराचे प्रवचन दिले नाही. मंडळीकडून सात माणसे नावानिशी निवडून घेतली, त्यांवर हात ठेवले आणि काम सोपवले. आणि पहिले तीमथ्य 5:10 मध्ये विधवांची नोंद करताना जी सत्कृत्ये विचारायची त्यांत "पवित्र जनांचे पाय धुणे" हे पाहुणचार आणि पीडितांना मदत यांच्या रांगेत, घरकामासारखे लिहिलेले आहे.

पुढच्या कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेत एवढे घाला: आजाऱ्यांच्या यादीतली आठ नावे, सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यासह आठ स्वयंसेवक, मंडळीतल्या दोन निवृत्त परिचारिका. मिरजेच्या वॉन्लेस रुग्णालयापासून मुंबईच्या पालिका रुग्णालयांपर्यंत सेवा करून घरी बसलेल्या परिचारिका आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत, आणि त्यांना आपण फक्त केक सेलला बोलावतो. एका शनिवारी तीन तास त्यांच्याकडून शिका. एकमेकांच्या पायांवर सराव करा. खजिनदाराच्या बेचक्या सेक्रेटरीने मोजाव्यात. टब बारा नकोत, दोन पुरेत.

पहिल्या गुरुवारी येताना घड्याळ आणि अंगठ्या घरी काढून ठेवा, नखे कापून या. म्हाताऱ्या कातडीला अंगठीचा खडा लागतो. बाह्या कोपरावर दुमडता येतील असा सदरा घाला. पॅन्ट अशी घाला की जमिनीवर बसता येईल.

आपले नम्र,
मुंबईतील मराठी मंडळ्यांत रुग्णभेटीचे काम करणारे काही परिचारिका, परिचारक आणि सेवक